गाडीत ठेवायचं गाणं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर; दहावी, १९९६ची तुकडी)

व्यासपीठावरचे आपले सर आणि बाई, आणि समोर बसून ‘ही नक्की कोण?’ असं शेजारच्याला हळूच विचारणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय सुचवला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून सुचवला असणार. पण त्या विषयावर तुम्हाला रोज व्हॉट्सॲपवर पुरेसं वाचायला मिळतं, म्हणून मी विषय बदलून मागितला. मी बोलणार आहे ते गाडीत गाणी वाजवायला काय ठेवावं यावर. हसू नका. गेल्या दीड वर्षात मी कुठल्याही ऑफिसच्या कामावर घालवली नसेल एवढी डोकेफोड या प्रश्नावर केली आहे. शेवटी माझं तुम्हा सगळ्यांकडे एक कामही आहे, त्यामुळे जेवणाच्या वासाकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा.

माझी आई तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. डबा विसरला की मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी असायची आणि सोबत येणाऱ्या दोघींसाठीही पोळीभाजी आणायची. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला स्मृतिभ्रंश आहे. तिच्या उपचारांसाठी आम्ही महिन्यातून एकदा मुंबईला जातो. गाडी मी चालवते, आई शेजारी बसते.

गाडीत बसली की तिला गाणं लागतं. गाणं चालू असलं की ती शांत असते, शब्द न चुकता सोबत गुणगुणते. सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता येत नाही, पण दुसऱ्या कडव्याची सुरुवात ती गायकाच्या आधी करते. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की या आजारात गाण्याची आठवण बरेचदा इतर आठवणींपेक्षा जास्त काळ टिकते.

तेव्हा मी, तुम्ही सगळे करता तेच करत होते. फोन गाडीला जोडायचा आणि इंटरनेटवरून गाणी लावायची. पाथर्डी फाटा, घोटी, इगतपुरीपर्यंत सगळं ठीक. कसारा घाटात उतरायला लागलो की रेंज जाते आणि गाणं मधेच बंद पडतं. तुम्हाआम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण एकदा असंच ओळीच्या मध्ये गाणं तुटलं आणि आई घाबरली. ‘कुठे गेले सगळे?’ म्हणाली आणि पट्टा सोडायची खटपट करायला लागली. मग दाराच्या कडीला हात घातला. घाटाचा उतार, मागे ट्रक. मी दारं लॉक केली, जागा मिळाली तिथे गाडी बाजूला घेतली आणि तिचा हात धरून, जमेल तसं, ते गाणं स्वतः म्हटलं. माझा आवाज आता कसा आहे हे संगीताच्या बाईंना मघाशीच कळलंय, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, आता समृद्धी महामार्ग झालाय. खरं आहे. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि घाट टाळून जाता येतं. पण आईला घाट बघायला आवडतो. खिडकीबाहेर दरी दिसली की तिला बरं वाटतं. त्यामुळे रस्ता बदलण्यापेक्षा गाण्याची सोय बदलावी असं मी ठरवलं.

आपल्याच वर्गातल्या एका मित्राचं गाडीच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, ‘अगं, मोठ्या स्क्रीनचा नवा स्टिरिओ टाकून देतो, सगळं त्यातच आहे.’ मी विचारलं, ‘त्यात रेंज नसताना काय वाजेल?’ तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘मग तुला नेमकं काय पाहिजे ते लिहून आण.’ गणिताचे सर आपल्याला हेच सांगायचे: आधी उदाहरण दोनदा वाचा, मग पेन उचला. मी घरी येऊन वहीत पाच ओळी लिहिल्या.

एक, इंटरनेटशिवाय वाजलं पाहिजे. दोन, एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत पडून राहिलं तरी बिघडता कामा नये. तीन, गाडी मी चालवो, भाऊ चालवो की ड्रायव्हर चालवो, किल्ली फिरवली की गाणं सुरू व्हायला हवं. चार, पुढचं गाणं लावायला, आवाज कमी करायला हाताला लागणारं बटण हवं, कारण आईला काचेवर बोट फिरवणं जमत नाही. पाच, हरवलं किंवा मोडलं तर त्याच संध्याकाळी दुसरं तयार करता आलं पाहिजे.

या पाच ओळींवर मी एकेक पर्याय तपासला.

पहिला पर्याय अर्थातच फोन. गाणी डाउनलोड करून ठेवली तर रेंजचा प्रश्न सुटतो. पण पैसे भरून घेतलेल्या ॲपमधली डाउनलोड केलेली गाणी आपली नसतात. ठरावीक दिवसांनी, काही ॲपमध्ये तीस दिवसांनी, एकदा इंटरनेटला जोडून दाखवावं लागतं, नाहीतर ती वाजत नाहीत. शिवाय फोन माझा. भाऊ आईला घेऊन गेला की गाणी माझ्या पर्समध्ये, घरी. आणि ऐन गाण्यात बँकेचा फोन येतो तो वेगळाच. तिसऱ्या ओळीवर फोन नापास.

दुसरा पर्याय, वेगळा म्युझिक प्लेअर. आपल्या पिढीला याचं भारी आकर्षण. वॉकमन १९७९ साली आला, तेव्हा आपण जन्मलोही नव्हतो, पण अकरावी-बारावीत ज्याच्या कमरेला तो असायचा त्याच्याकडे आपण कसे बघायचो ते आठवा. ऑक्टोबर २००१ मध्ये पहिला आयपॉड आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. खिशात हजार गाणी ही कल्पनाच तेव्हा खोटी वाटली होती. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं. इतर कंपन्यांचे छोटे प्लेअर अजून मिळतात. मीही एक घेतला, गाणी भरली, गाडीच्या कप्प्यात ठेवून दिला. दोन महिने उत्तम चालला. मे महिन्यात एके दिवशी कप्पा उघडला तर त्याचं पाठीमागचं झाकण फुगून उचललं गेलं होतं. आतली बॅटरी फुगली होती.

यात त्या प्लेअरची चूक नव्हती, माझी होती. मी इंजिनिअर असून ज्या गोष्टीचा आधी विचार करायचा तो नंतर केला. नाशकात बाहेर चाळीस अंश असतात तेव्हा काचा बंद करून उन्हात लावलेली गाडी आत साठच्या आसपास जाते, डॅशबोर्ड त्याहूनही तापतो. यातला बराचसा ताप पहिल्या अर्ध्या तासातच चढतो, म्हणजे ‘पटकन भाजी घेऊन येते’ एवढा वेळही पुरतो. आता बॅटरीकडे बघा. आयफोनसाठी ॲपलच सांगते की वापरताना तापमान शून्य ते पस्तीस अंश असावं आणि नुसता ठेवायचा तर पंचेचाळीसपर्यंत. प्रत्येक लिथियम बॅटरीचं थोड्याफार फरकाने असंच असतं. उष्णतेने आतली रसायनं झिजतात, वायू तयार होतो, बॅटरी फुगते. आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून उन्हात ठेवली तर झीज आणखी वेगाने होते. गाडीत आपण नेमकं तेच करतो: चालवताना चार्जिंगला लावतो आणि भरलेली बॅटरी उन्हात सोडून जातो. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, परत चार्ज करू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझ्या भाषणाचं सार्थक होईल.

तिसरा पर्याय, कारवाँ. सारेगामाने २०१७ मध्ये काढलेला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा, गाणी आतच भरलेला डबा. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तो आईवडिलांना भेट दिलेला आहे. हात वर करू नका, मला माहीत आहे. मीही दिलाय. मराठी गाण्यांचाही मिळतो. घरासाठी याहून चांगली वस्तू नाही, बटणं मोठी आणि आईला जमतात. पण त्यातही बॅटरी आहे. म्हणून तो आमच्याकडे देवघराशेजारी असतो, गाडीत नाही.

सीडी हा पर्याय चांगला होता, पण माझ्या गाडीत सीडी घालायची फटच नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत नसते.

मग राहिला काय? पेनड्राइव्ह. साधा, चार-पाचशे रुपयांचा. त्यात बॅटरी नाही, मोटर नाही, फिरणारी तबकडी नाही. गाडीचा स्टिरिओ त्याला वीज देतो आणि वाचतो. गाडीसाठी टिकाऊ प्लेअर शोधत होते, तो गाडीत आधीच बसवलेला होता. फक्त गाणी वेगळी हवी होती. उन्हाचं म्हणाल तर चांगल्या मेमरी कार्डांवर पंच्याऐंशी अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते, पेनड्राइव्हची त्याहून कमी असली तरी बॅटरीपेक्षा बरीच जास्त. ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत आणि यूएसबीची फट नाही, त्यांनी लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर घ्यावा. तो पेनड्राइव्ह वाचतो आणि गाडीच्या रेडिओवर ऐकवतो. तोही बॅटरीशिवाय.

पण ‘पेनड्राइव्ह घ्या’ म्हणून मी खाली बसले तर उद्या तुम्ही मला शिव्या द्याल. त्याच्यातही खाचखळगे आहेत, ते माझ्या अनुभवातून सांगते.

पहिला खळगा आकाराचा. माझा पहिला पेनड्राइव्ह लांबट होता. भावाचा गुडघा लागला आणि तो वाकला, सोबत गाडीची फटही ढिली झाली. नखाएवढा, फटीत जवळजवळ बुडणारा घ्या.

दुसरा खळगा फॉरमॅटचा. बऱ्याच गाड्यांचे स्टिरिओ फॅट-३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात. मोठे पेनड्राइव्ह दुकानातून बहुधा वेगळ्या पद्धतीने तयार होऊन येतात आणि गाडीत लावले की ‘नो फाइल’. म्हणून ३२ जीबीच्या वर जाऊच नका. गरजही नाही. एमपी-थ्री फाइल चांगल्या दर्जाची, म्हणजे १९२ केबीपीएसची ठेवली तर एका मिनिटाला साधारण दीड एमबी लागतं. पाच मिनिटांचं गाणं सात एमबी. ३२ जीबीत चार हजारांवर गाणी बसतात. रोज नाशिक-मुंबई केलं तरी महिनोन्‌महिने पुरतील.

तिसरा खळगा नावांचा, आणि तो मजेशीर आहे. आईसाठी मी आधी गीतरामायण भरलं. आमच्याकडे विकत घेतलेल्या सीडी होत्या, त्यावरून. गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण म्हणजे छप्पन्न गीतं, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे लागलेली. आईने लहानपणी ती रेडिओवरच ऐकलेली. मी फाइलींना १, २, ३ असे छप्पन्नपर्यंत आकडे दिले आणि मोठ्या अभिमानाने गाडीत लावलं. पहिलं गीत झालं आणि एकदम दहावं लागलं, मग अकरावं, मग बारावं. स्टिरिओला आकडे कळत नाहीत, तो अक्षरं लावतो. एकनंतर त्याच्या मते दहा येतात, कारण दोन्हींची सुरुवात एकाने. आई म्हणाली, ‘अगं, रामाचा जन्म झाला नाही आणि स्वयंवर कसलं?’ मी नंतर कागदावर मांडून बघितलं. त्या क्रमाने सहावं गीत, म्हणजे रामजन्म, त्रेपन्नाव्या जागी येतो. वनवास झाला, लंका झाली, रावण मारला गेला आणि मग राम जन्मला. उपाय अगदी सोपा: ०१, ०२ असे आकडे द्या. काही स्टिरिओ तर नावाकडेही बघत नाहीत, ज्या क्रमाने फाइली भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून भरतानाही क्रमानेच भरा. आणि नावं रोमन लिपीत ठेवा, देवनागरीच्या जागी पडद्यावर चौकोन येऊ शकतात.

पण खरं सांगू? त्या दिवशी मला हसू आलं आणि मग गाडी चालवता चालवता गळा दाटला. चूक तिने पकडली होती. त्या सकाळी तिने मला दोनदा ‘तुम्ही कोण?’ विचारलं होतं.

चौथा खळगा विश्वासाचा. पेनड्राइव्ह टिकाऊ असला तरी कायमचा नाही. त्याच्या आत माहिती विजेच्या बारीकशा साठ्याच्या रूपात असते आणि उष्णतेत तो साठा हळूहळू गळतो. म्हणून गाडीतला पेनड्राइव्ह ही केवळ प्रत समजा. मूळ गाणी घरच्या संगणकावर, आणखी एक प्रत भावाच्या घरी. आमच्याकडे तीन सारखे पेनड्राइव्ह आहेत. एक गाडीत, एक कपाटात, एक भावाच्या गाडीत. दर दिवाळीला गाडीतला पुन्हा भरते.

आणि स्टिरिओ घेताना दुकानात उभं राहून दोन गोष्टी तपासा. गाडी बंद करून चालू केली की गाणं सोडलं तिथून सुरू होतं का? काही स्टिरिओ दर वेळी पहिल्या गाण्यापासून सुरू होतात. असा असला तर महिन्याभरात त्या पहिल्या गाण्याचा वीट येतो. आणि आवाजाला फिरवायचं बटण आहे का? पडद्याकडे न बघता हात जातो तेच बटण घाटात कामाचं.

माझी पाच ओळींची यादी अशी पूर्ण झाली. गेलं वर्षभर घाटात गाणं तुटलेलं नाही.

आता माझ्या कामाकडे येते.

पेनड्राइव्ह भरत असताना माळ्यावरच्या डब्यात एक कॅसेट सापडली. वर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘शाळा, गॅदरिंग, डिसेंबर ९५’. आपल्या दहावीच्या वर्षीचं. कोणीतरी टेपरेकॉर्डर मंचाजवळ ठेवून केलेलं रेकॉर्डिंग आहे. बाईंची पेटी आहे, तबला आहे, आपलं समूहगीत आहे, मधे कोणाचं तरी लहान भावंड रडतंय, आणि सरांनी ‘मागच्या रांगेत शांतता!’ म्हटलेलं अगदी स्वच्छ आहे. समूहगीतानंतर मी एकटीने म्हटलेलं भावगीत आहे. वय पंधरा.

मामांचा जुना डेक दुरुस्त करून घेतला, ती कॅसेट संगणकावर उतरवली आणि गाडीतल्या पेनड्राइव्हवर टाकली. पुढच्या खेपेला घोटीच्या पुढे ते गाणं लागलं. आई ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून, प्रवासात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगावं तसं कौतुकाने म्हणाली, ‘ही माझी मुलगी बरं का. शाळेत आहे. छान गाते.’

मी म्हटलं, ‘हो, छान गाते.’ दुसरं काय म्हणणार?

ती कॅसेट साठ मिनिटांची आहे. एक बाजू सुरेख निघाली. दुसऱ्या बाजूला बुरशी धरली होती, वीस मिनिटं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यात नाटुकलं होतं आणि बाईंनी शेवटी म्हटलेली भैरवी होती. त्या काळी घरोघर टेपरेकॉर्डर होते, आणि पालकांपैकी आणखी कोणीतरी रेकॉर्डिंग केलं असेलच. तुमच्याही माळ्यावर, बहिणीच्या घरी, गावच्या पेटीत अशा कॅसेट असतील. नाशकाचा पावसाळा आणि पत्र्याखालचा उन्हाळा मिळून त्यांना आणखी किती वर्षं देतील, सांगता येत नाही.

म्हणून विनंती अशी. सापडली तर कॅसेट लगेच जुन्या टेपमध्ये घालून वाजवू नका. घाणेरड्या हेडवर आणि झिजलेल्या रबरी रोलरवर फीत अडकते, आणि मग ती तुटलीच समजा. आतला फेल्टचा छोटा तुकडा गळून पडला असेल तरी टाकून देऊ नका, फीत दुसऱ्या खोक्यात घालता येते. लेबल पुसट असेल तर आठवतं तेवढं कागदावर लिहून सोबत ठेवा आणि कॅसेट माझ्याकडे द्या. मी ती आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घेते, हेड साफ करते आणि मग उतरवते. एक प्रत सीडीच्या दर्जाची, मिनिटाला दहा एमबी, जपून ठेवण्यासाठी. दुसरी एमपी-थ्री, ऐकण्यासाठी. कॅसेट तुम्हाला परत मिळेल, सोबत पेनड्राइव्ह. यासाठी पैसे नकोत. बाईंची भैरवी कोणाकडे मिळाली तर मात्र जेवण माझ्याकडून.

बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर मी एक खोका ठेवला आहे. आज आठवणीने आणलेल्या दोन कॅसेट त्यात आल्यासुद्धा आहेत. शेजारी वही आहे, त्यात नाव आणि फोन लिहून ठेवा. नाशकात असाल तर मी स्वतः घरी येऊन घेऊन जाईन.

आईला आज इथे आणायचा विचार होता. पण गर्दीत ती बावरते, म्हणून ती घरी आहे, भाऊ सोबत आहे. निघताना मी सांगितलं, ‘शाळेत जाऊन येते गं.’ ती म्हणाली, ‘डबा घेतलास ना?’

घेतलाय. तिने सांगितलं होतं तसा, तिघींना पुरेल एवढा. मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघी समोरच आहेत, त्यांनी जेवायला माझ्याकडे यावं.